रंगीत पडदा आणि लक्ष्मी रोडचं ऊन

२००४ चा दसरा आठवड्यावर आला होता आणि मामा फुलस्केप कागदावर मधोमध उभी रेघ मारून बसला होता. डावीकडे वर ‘नोकिया ६६१०’, उजवीकडे ‘सोनी एरिक्सन टी-६१०’. जन्म बँकेत गेलेला माणूस. जमा-खर्चाचे दोन रकाने आखल्याशिवाय त्याला मंडईतून गवारसुद्धा आणता येत नसे. वजन, बॅटरी, पडदा, किंमत अशा ओळी भरता भरता त्याने मान वर केली. “अरे, याला चार हजार शहाण्णव रंग आहेत आणि त्याला पासष्ट हजार पाचशे छत्तीस. पासष्ट हजार समजू शकतो. हे वरचे छत्तीस कुठून आले?”

मी हसलो होतो. पण त्या सगळ्या खरेदीत विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता.

रंगीत फोनचं तेव्हा एवढं काय होतं, हे आज सांगावं लागतं. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारा फोन फुकट झाला, आणि तोवर ‘कशाला हवाय’ म्हणणारी घरंही दुकानांच्या पायऱ्या चढू लागली. पुण्यात आयडिया, बीपीएल, एअरटेल आणि बीएसएनएलचं सेलवन अशी जीएसएमवाली मंडळी होती. दुसऱ्या बाजूला रिलायन्स आणि टाटा इंडिकॉम होते, पण त्यांचं तंत्रज्ञान वेगळं, सीडीएमएचं. त्यात तेव्हा सिमकार्डच नसायचं, फोन आणि कंपनीची गाठ पक्की. त्यामुळे ‘हा फोन की तो फोन’ ही चैन मुख्यतः सिमकार्डवाल्यांची. बहुतेकांच्या खिशात ३३१० नाहीतर टॉर्चवाला ११००, म्हणजे पोपटी उजेडातली काळी अक्षरं. त्यांच्यात एखाद्याने रंगीत पडदा उघडला की बसथांब्यावरची अनोळखी माणसंही वाकून बघत.

फोनच्या पडद्यावर रंग यायला जगालाही वेळ लागला होता. सीमेन्सच्या एस-१० ने १९९८ च्या सुमारास लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे मोजून चार रंग दाखवले. २००१ मध्ये एरिक्सनच्या टी-६८ वर २५६ झाले. ६६१० आला २००२ मध्ये, टी-६१० त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे मामाच्या कागदावरचे दोन रकाने वयाने जेमतेम एका वर्षाच्या अंतरावरचे भाऊ होते, पण धाकट्याने कॅमेरा, ब्लूटूथ आणि सोळापट रंग असा सगळा थाट आणला होता.

आता ते छत्तीस.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. ६६१० चा पडदा म्हणजे १२८ ओळी आणि प्रत्येक ओळीत १२८ ठिपके. जागा किती, तर तेव्हाचं रुपयाचं नाणं वर ठेवलं तर चारही कोपरे थोडे थोडे बाहेर उरतील एवढी. प्रत्येक ठिपक्यात पुन्हा तीन बारीक पट्ट्या : लाल, हिरवी आणि निळी. पट्टी किती उजळ करायची याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. ६६१० मध्ये प्रत्येक पट्टीला १६ पायऱ्या. १६ गुणिले १६ गुणिले १६ म्हणजे ४,०९६. फोन हा हिशेब शून्य आणि एक अशा बिटांत ठेवतो. चार बिटांत १६ पायऱ्या बसतात, म्हणून तीन रंगांना मिळून एका ठिपक्यामागे बारा बिटं.

टी-६१० ने एका ठिपक्याला सोळा बिटं दिली. पण सोळाची तिघांत सारखी वाटणी होत नाही; पाच-पाच दिली की एक उरतं. तीन भावांच्या वाटणीत उरलेला पितळी हंडा जसा कुणातरी एकाकडे जातो, तसं ते उरलेलं बिट हिरव्याकडे जातं. त्यात पक्षपात नाही. माणसाचा डोळा उजेडातला बारीकसा फरक हिरव्यात सगळ्यात चटकन पकडतो, म्हणून पायऱ्या वाढवायच्या तर तिथेच वाढवाव्यात. लाल आणि निळ्याला ३२-३२, हिरव्याला ६४. गुणाकार ६५,५३६. मामाचे छत्तीस या गुणाकारातून आले. त्याने कागदाच्या कडेला स्वतः गुणाकार करून पाहिला आणि बरोबरची खूण केली.

मग त्याने आणखी एक गुणाकार केला, आणि तो मात्र माझ्या ध्यानात आलेला नव्हता. टी-६१० च्या पडद्यावर आडवे १२८ आणि उभे १६० ठिपके. म्हणजे २०,४८०. एका ठिपक्याला एका वेळी एकच रंग. “मग एका वेळी दिसणार जास्तीत जास्त वीस हजार चारशे ऐंशी. बाकीचे पंचेचाळीस हजार छप्पन्न रंग कुठे बसणार?” याउलट ६६१० चे ठिपके १६,३८४. त्याच्या ४,०९६ रंगांपैकी प्रत्येकाला बरोबर चार-चार ठिपके येतात, एकही रंग बाहेर ताटकळत नाही. त्याच्या दृष्टीने हिशेब मिटला. खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे सेलमधल्या साडीवरची खोडलेली किंमत.

इथे मात्र मामा अर्धाच बरोबर होता. रंगांची संख्या ही एका वेळी किती दिसतील याची नसते, निवडायला किती आहेत याची असते. संध्याकाळच्या आकाशाचा फोटो घ्या. वरून खाली निळा हळूहळू फिका होत जातो. निळ्याच्या सोळाच पायऱ्या असतील तर आकाश सलग दिसत नाही, पर्वतीच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. माणसाच्या गालावरही तेच. ३२ आणि ६४ पायऱ्या असल्या की ते पट्टे बरेच विरतात. म्हणून टी-६१० ला त्या पासष्ट हजारांची खरी गरज होती, कारण त्यात कॅमेरा होता. ६६१० मध्ये कॅमेरा नाही. त्याला दाखवायची असतात पाकिटाची, घड्याळाची, पेटीची ठसठशीत चित्रं, आणि त्यासाठी ४,०९६ पुरून उरतात. नुसते आकडे शेजारीशेजारी मांडून हे कळत नाही. आकड्याशेजारी ‘कशासाठी?’ असा आणखी एक रकाना लागतो, आणि तो कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसतो.

आता पडद्याच्या पोटातली गोष्ट, कारण आमचा निकाल शेवटी तिथूनच लागला.

दोन्ही फोनांचे पडदे ‘एसटीएन’ जातीचे, द्रवस्फटिकाचे. १८८८ मध्ये फ्रीडरिख रायनित्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होता. तो पदार्थ आधी वितळून गढूळ व्हायचा, आणखी तापवला की स्वच्छ. धड घन नाही, धड द्रव नाही, अशी ही मधली अवस्था. अशा पदार्थाचा पातळ थर दोन काचांमध्ये धरला आणि विजेचा दाब दिला की त्याचे रेणू वळतात, आणि उजेड जाऊ द्यायचा की अडवायचा ते ठरवता येतं. ठिपक्यांची ती लाल-हिरवी-निळी पट्टी म्हणजे या झडपेसमोर लावलेली रंगीत काच.

पण सोळा हजार ठिपक्यांना, त्यातही तीन-तीन पट्ट्यांना, वेगळी वायर कुठून आणणार? हे उत्तर पुणेकराला पाण्याच्या भाषेत लवकर कळेल. एसटीएन पडद्यात उभ्या आणि आडव्या तारांची जाळी असते आणि एकेका ओळीला पाळीपाळीने वीज सोडतात. पेठेपेठेला पाणी सोडावं तसं. ओळीचा नळ क्षणभर सुटतो आणि पुढच्या सगळ्या ओळींना मिळेपर्यंत कोरडा राहतो. तेवढ्यात ठिपका आपला रंग सोडू नये म्हणून त्यातला द्रवस्फटिक मुद्दाम संथ घ्यावा लागतो. या संथपणाची किंमत म्हणजे मेन्यू भरभर सरकवला की आधीच्या अक्षरांची पुसट सावली रेंगाळते. शिवाय तारा सामाईक, त्यामुळे शेजारच्या ठिपक्यांतही थोडी गळती होते.

‘टीएफटी’ नावाच्या महागड्या पडद्याने काय केलं, तर प्रत्येक घरावर टाकी बसवली. एकेका ठिपक्यामागे स्वतःचा ट्रान्झिस्टर हा कॉक, आणि एक छोटासा धारित्र ही टाकी. पाळीच्या वेळी टाकी भरली की पुढच्या पाळीपर्यंत ठिपका निश्चिंत. सॅमसंगच्या टी-१०० ने २००२ मध्ये असा पडदा फोनवर आणला आणि तो पाहिलेल्याला मग एसटीएन जरा मळकटच वाटायचा. आमच्या दोन्ही उमेदवारांना टाकी नव्हती. त्यामुळे या ओळीत मामाने दोन्हीकडे शून्य टाकलं.

राहता राहिला उजेड. द्रवस्फटिक स्वतः चमकत नाही, त्याला मागून दिवा लागतो. काळ्या अक्षरांच्या फोनला पोपटी दिवा चालायचा, पण पोपटी उजेडातून लाल रंग कसा काढणार? रंगीत पडद्याला पांढराच हवा, आणि फोनमध्ये मावेल एवढा छोटा पांढरा एलईडी तोपर्यंत नुकताच बाजारात रुळला होता. तो निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन बनतो. निळ्या एलईडीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एका अर्थी रंगीत मोबाइल येणं त्या निळ्या दिव्यावाचून अडलं होतं. रंग आला तशी बॅटरीची ओरडही आली, कारण पांढरा दिवा लागल्याशिवाय रंगीत पडद्यात बघण्यासारखं काही नसतं आणि तो दिवा वीज पितो. ६६१० ची बॅटरी ७२० मिलिअँपिअर-तासांची, टी-६१० ची ७७०. एवढ्याशा फरकाने कुणी जिंकत नाही. फोनच्या खोड्या काढायची सवय किती, यावर दिवस ठरायचा.

दुकान लक्ष्मी रोडवरचं. आत ट्यूबलाइट आणि काचेच्या कपाटातले दिवे. त्या उजेडात टी-६१० असा काही खुलला होता की मी मनातल्या मनात पैसे मोजून टाकले. चॉकलेटी-चंदेरी अंग, मोठा पडदा. शेजारी ६६१० शाळेच्या डब्यासारखा साधा. मामाने दोन्ही हातात घेतले आणि सरळ दाराकडे निघाला.

“काका, डेमो पीस आहे, बाहेर नाही नेता येणार.”

“मग मी तुमच्या दुकानात राहायला येतो. अहो, मला फोन रस्त्यात वापरायचाय.”

विक्रेता चांगला होता. स्वतः दोन्ही फोन घेऊन पायरीवर आला. अश्विनातलं दुपारचं ऊन. टी-६१० चा पडदा त्यात जवळजवळ काळा आरसा झाला. मामाने त्यात आपला चष्मा नीट केला. ६६१० चे रंगही उडाले, पण अक्षरं राहिली.

हे काही आमच्या हाती आलेल्या एकाच फोनचं नशीब नव्हतं. टी-६१० उन्हात वाचता येत नाही, ही त्या काळच्या परीक्षणांत सर्रास आढळणारी तक्रार होती. कारण साधं आहे. पडद्याच्या मागचा दिवा उन्हापुढे म्हणजे सूर्यापुढे निरांजन. बाहेर वाचायचं तर पडद्याने आलेलं ऊनच कागदासारखं परत फेकलं पाहिजे. त्यासाठी काही पडद्यांच्या मागे अर्धपारदर्शक आरसा असतो : अंधारात मागचा दिवा त्यातून पुढे येतो, आणि उन्हात बाहेरचा उजेड त्यावरून परततो. दोन्ही एकाच आरशाकडून करून घ्यायचं म्हणजे वाटणी आलीच. आत दिवा खुलवायचा तर परतफेड कमी होते, आणि परतफेड वाढवली तर दुकानात पडदा निस्तेज दिसतो. थोडक्यात, दुकानात जास्त सुंदर दिसणारा फोन रस्त्यावर हरण्याची शक्यता जास्त, आणि आपण सगळे तपासणी दुकानातच करतो. घरी आल्यावर मामाने तक्त्याच्या तळाशी एक नवी ओळ वाढवली : ‘ऊन’.

बाकीच्या ओळींना माझ्या मते फार अर्थ नव्हता, पण त्या होत्या. रिंगटोनमध्ये ६६१० एका वेळी चार स्वर काढायचा, टी-६१० बत्तीस. पेटी, तबला, टाळ आणि तंबोरा यांत भजन होऊ शकतं. बत्तीस लागतात ते वरातीच्या बँडला. ब्लूटूथ छान, पण पलीकडच्या फोनला ते असायला हवं, आणि आमच्या ओळखीत ते कुणाकडेच नव्हतं. चित्र पाठवायच्या एमएमएसचीही तीच गत. इन्फ्रारेड दोघांनाही, दोन फोन टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवायचे आणि कुणी धक्का लावू नये म्हणून राखण करायची.

एसएमएसची ओळ मात्र मराठी माणसाने वाचावी अशी. एका एसएमएसची झोळी १४० बाइटांची. इंग्रजी अक्षराला त्यात सात बिटं लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे सोळा बिटं, त्यामुळे ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मी पोचलो, काळजी नको’ एवढं म्हणायलाही एकोणीस घरं खर्च होतात. त्या काळात एक अख्खी पिढी रोमन लिपीत मराठी लिहायला शिकली, त्याला फोनमध्ये देवनागरीची वानवा हे कारण होतंच, पण हा हिशेबही होता.

रेडिओ ६६१० मध्ये होता, टी-६१० मध्ये नव्हता. तो लावायला इअरफोन खुपसावाच लागे, कारण इअरफोनची वायर हीच त्याची अँटेना. पुण्यात रेडिओ मिर्ची ९८.३ मेगाहर्ट्झवर लागायचं. त्या लहरीची लांबी तीन मीटरच्या आसपास, आणि अँटेनाला तिचा पाव भाग, म्हणजे पाऊण मीटर मिळाला तरी भागतं. इअरफोनची वायर साधारण तेवढ्याला पुरते. मामाला हे फार आवडलं. आधीच असलेल्या वस्तूकडून दुसरं काम करून घेणं हा त्याच्या लेखी विज्ञानाचा परमोच्च बिंदू.

आणि चार्जर. ६६१० ला नोकियाची तीच जाड पिन, जी ३३१० ला, ११०० ला आणि वाड्यातल्या प्रत्येक घरातल्या फोनला. टी-६१० चं तोंड वेगळं, चपटं. चार्जर विसरून कोल्हापूरला लग्नाला गेलात तर जाड पिन मांडवात कुणाकडेही मिळणार. माहितीपत्रकात न छापला जाणारा हा गुण त्या वर्षांत नोकियाला किती गिऱ्हाइकं देऊन गेला असेल, याचा मला अजून अचंबा वाटतो.

फोन नवा आहे की कुणाचा वापरलेला पुसून ठेवलाय, हे पाहायचीही युक्ती होती. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक येतो. तो खोक्यावर, बॅटरीखाली आणि बिलावर सारखाच हवा. नोकियात आणखी एक गंमत होती. स्टार-हॅश, मग ९२७०२६८९, मग हॅश. इंग्रजीतल्या ‘वॉरंटी’ शब्दाची अक्षरं कीपॅडवर आकड्यांत मोडली की ९२७७२६८९ होतात. त्यातल्या लागोपाठच्या दोन सातांपैकी दुसऱ्याच्या जागी शून्य घातलं की झाला संकेत. त्यात फोन कुठल्या महिन्यात बनला ते दिसे, आणि आजवर त्यावर एकूण किती तास बोलणं झालं तेही. शून्य तास असतील तर फोन कोरा. मामाने हे विक्रेत्यासमोर करून दाखवलं, तेव्हा तोच म्हणाला, “काका, पुन्हा एकदा सांगा, लिहून घेतो.”

६६१० घेतला. मामाने तो पाच वर्षं वापरला.

टी-६१० देखील घरात आला. पुढच्याच महिन्यात माझ्या मामेभावाने पहिल्या पगारातून घेतला. तो दिवसभर ऑफिसात, ट्यूबलाइटखाली बसायचा, त्याला लक्ष्मी रोडच्या उन्हाशी काय करायचंय? त्याने घेतलेला मामाचा एक फोटो माझ्याकडे आहे. २८८ बाय ३५२ ठिपके, म्हणजे एक लाखाच्या जरासे वर. नीट छापायचा तर पासपोर्ट फोटोपेक्षाही लहान होतो. मामा गॅलरीत उभा आहे, कानात इअरफोन, हातात ६६१० आणि त्यावर पडलेलं ऊन. शर्ट मोतिया होता असं मामीचं म्हणणं. मामा म्हणतो पांढरा.